सातव्या होलला बंद पडणारी गाडी

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. दुरुस्ती संपते, गाडी चालू होते आणि टेबलावर एखादा वॉशर, दोन स्क्रू उरतातच! कुठले ते कळत नाही, टाकवतही नाहीत, मग ते डब्यात जातात. माझ्याकडे असा बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा अजून आहे. लखनौच्या क्लबातले हे किस्सेही तसलेच. गाडी चालू झाली, हे उरले.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी सांगलीकडचा, आडनाव माने, आयटीआय शिकलेला. फिरत फिरत लखनौच्या एका गोल्फ क्लबात मेन्टेनन्स सुपरवायझर म्हणून लागलो होतो. राहायला विकास नगरात. रोज स्कूटरवरून निशातगंजची गर्दी कापत क्लबात. क्लबाकडे एकच गोल्फ कार्ट होती, म्हणजे वर छप्पर, बाजूंनी उघडी, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी. कुणा मेंबरने परदेशातून सेकंडहँड मागवून दिलेली. ज्यांचे गुडघे गेलेत पण खेळायची हौस गेलेली नाही, अशा मेंबरांना ती एका होलवरून दुसऱ्या होलवर न्यायची. आमच्या मैदानात अशी नऊ होल होती.

क्लबाचे सेक्रेटरी एक रिटायर्ड कर्नल साहेब. त्यांचं प्रत्येक वाक्य "मुझे शक है" ने सुरू व्हायचं. आणि मी तरी काय कमी? आमची ही म्हणायची, "अहो, तुम्ही दूधवाल्याच्या म्हशीकडेसुद्धा संशयाने बघता!" बघायचोच. म्हैस काही बोलत नाही, म्हणजे काहीतरी लपवत असणार!

तिसरा माणूस राम आसरे, गाडीचा ड्रायव्हर. पन्नाशी उलटलेला, बावीस वर्षं क्लबात नोकरी, मागच्या क्वार्टरमध्ये बायकोबरोबर राहायचा. बोलणं लोण्यासारखं मऊ. त्या मऊपणाचाच मला पहिल्या दिवसापासून संशय होता. ह्याच माणसाची नोकरी पुढे माझ्या एका सहीवर येऊन लटकली. ते सांगतोच, पण आधी गाडी चालू तर होऊ दे!

*

गाडी ट्रकमधून उतरली तो दिवस. सगळा स्टाफ गोळा झालेला. कर्नल साहेब ऐटीत बसले आणि चावी फिरवली. काही नाही! ना घरघर, ना साधा टक् आवाज.

"मुझे शक है, रास्ते में किसी ने बैटरी बदल दी है," साहेब म्हणाले.

मी सीट उचलली. ह्या गाडीचं सगळं पोट सीटखाली असतं. इंजिन, बॅटरी, पेट्रोलची टाकी, सगळं तिथेच. बॅटरीला बल्ब लावला, लख्ख पेटला. फ्यूज बघितला, शाबूत. वायरी एकेक करून तपासल्या. भर उन्हात तासभर माझा घामटा निघाला. शेवटी हात टेकले आणि सीट परत बसवली.

राम आसरे म्हणाला, "साहब, ज़रा छाँव में बैठ जाऊँ?" आणि छपराखाली सीटवर बसला. पाय सहज पेडलवर टेकवला, आणि धडाड्! इंजिन सुरू झालं आणि गाडी थेट गुलाबाच्या वाफ्यात!

तेव्हा कळलं. ह्या गाडीला किक नाही, सेल्फचं बटण नाही. चावीने फक्त परवानगी मिळते. इंजिन सुरू होतं ते पेडल दाबल्यावर, आणि पाय उचलला की बंद.

साहेब माझ्याकडे वळले. "माने, तुम एक घंटे से कर क्या रहे थे?"

मग गुलाबातल्या राम आसरेकडे वळले. "और तुम्हें पहले से कैसे मालूम था?"

*

लखनौची थंडी म्हणजे काय ते डिसेंबरात कळतं. धुकं असं, की स्वतःच्या स्कूटरचा हेडलाईट दिसत नाही. अशा एका सकाळी गाडी चालू होईना. पेडल दाबलं की नुसतं कुर्र कुर्र.

मला क्लबाबाहेरचा मेकॅनिक आणायला अजिबात आवडायचं नाही. बाहेरचा माणूस आला की आत काय आहे ते बघून जातो! पण साहेबांनी निशातगंजहून नसीर मिस्त्रीला बोलावलं. स्कूटरचा पट्टीचा मिस्त्री. त्याने प्लग काढला, नाकाशी धरला, स्वेटरला पुसला, परत लावला. मग दोन पावलं मागे जाऊन म्हणाला, "टेढ़ी कीजिए."

"काय?"

"गाड़ी टेढ़ी कीजिए. तेल नीचे आएगा."

स्कूटर सकाळी चालू झाली नाही की आपण ती एका अंगावर कलती करतो की नाही? तेच! मी म्हटलं, मिस्त्री, ही चारचाकी आहे. तो म्हणाला, "तो चार आदमी लगेंगे!"

मी, राम आसरे, चौकीदार आणि स्वतः कर्नल साहेब. चौघांनी एका बाजूने गाडी उचलली, धरली, हलवली आणि धाडकन खाली सोडली. मिस्त्रीने पेडल दाबलं. चालू!

मिस्त्रीला चहा, समोसे, वर साहेबांची शाबासकी. मला काही चैन पडेना. सगळे गेल्यावर मी सीट उचलली. बॅटरीची क्लिप सैल होती, ती त्या धाडकन आपटण्याने बसली होती. मी गुपचूप पान्याने आवळली आणि कुणाला बोललो नाही. कारण आदल्या संध्याकाळी बॅटरी साफ करून ती क्लिप मीच लावली होती!

त्यानंतर महिनाभर, गाडी जरा अडखळली की साहेब ओरडायचे, "चार आदमी बुलाओ!"

*

मग चावीचं प्रकरण. साहेबांना शक आला की आपल्यामागे कुणीतरी गाडी फिरवतंय. शेडच्या दारात चाकांच्या ताज्या खुणा दिसल्या म्हणे. खुणा असणारच, रोज गाडी तिथूनच बाहेर निघते! पण साहेब चावी खिशात घालून घरी न्यायला लागले.

एक दिवस चावी घरी राहिली. तीन म्हातारे मेंबर टोप्या घालून ताटकळत उभे. साहेबांच्या बंगल्यावर फोन लावला तर सारखा एंगेज. मेंबर तापायला लागले. साहेबांचं तोंड एवढंसं झालं.

राम आसरे हळूच पुढे आला. कमरेच्या करगोट्यात अडकवलेली चावी काढली, त्याच्या पत्र्याच्या पेटीची. ती गाडीत घातली, फिरवली, पेडल दाबलं. गाडी निघाली! मेंबर खूश. "वाह, राम आसरे!"

साहेब मात्र पाठमोऱ्या गाडीकडे बघत राहिले. "माने, जो आदमी बक्से की चाबी से गाड़ी चला सकता है, वो और क्या-क्या कर सकता है?"

खरं सांगतो, मलाही तेच वाटलं होतं. माझ्या घराच्या कपाटाची चावीही त्यात चालते, हे मी दुसऱ्या दिवशी लावून बघितलं. ते मात्र मी साहेबांना सांगितलं नाही.

*

ह्यावर साहेबांनी उपाय काढला. नंबर! क्लबातल्या प्रत्येक वस्तूवर लाल ऑइलपेंटने डेडस्टॉकचा, म्हणजे सामानाच्या वहीतला नंबर टाकायचा. सुटी होणारी एकही वस्तू बिननंबराची ठेवायची नाही.

अक्षर माझं चांगलं. शाळेत फळ्यावरचा सुविचार मीच लिहायचो. त्यामुळे ब्रश माझ्या हातात आला. बादल्या, खुर्च्या, झारी, घड्याळ, पाणी प्यायचे ग्लास, सगळ्यांवर नंबर. गाडीवर तर विचारू नका! स्टिअरिंग, चारही चाकं, बॅटरी, आरसा, पेट्रोलच्या टाकीचं झाकण, एकूण एक. प्रत्येक नंबराखाली मी एक जाड, लफ्फेदार रेघ ओढायचो. ती माझी हौस. रेघ नसली की नंबर उघडा वाटतो.

पाच दिवस हे चाललं. शेवटच्या दिवशी साहेब पाहणीला आले, खूश झाले आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत ऐसपैस बसले. खुर्ची ओली होती!

उठून ते चालायला लागले तेव्हा पांढऱ्याशुभ्र पँटच्या मागे उलटा छापलेला लाल नंबर आणि रेघ. सांगायची हिंमत कुणाचीच नाही. साहेब तसेच सगळ्या मेंबरांमधून फिरून आले.

राम आसरे माझ्या शेजारी उभा होता. अगदी गंभीरपणे म्हणाला, "अब साहब को कोई चुरा नहीं सकता."

*

नंबर टाकून आठवडा झाला नसेल, गाडीने नवीनच खूळ काढलं. निघायची व्यवस्थित, सहा होलपर्यंत गुणी बाळासारखी चालायची आणि सातव्या होलजवळ गचके देऊन बंद! रोज तिथेच. उतारावर एक जुनं आंब्याचं झाड होतं, बरोबर त्याच्या आसपास.

मेंबर म्हणायला लागले, त्या झाडावर काहीतरी आहे. एकाने तर लिंबू ठेवलं. साहेबांचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. त्यांचा अविश्वास फक्त माणसांवर!

मी कार्ब्युरेटर साफ केला, फिल्टर बदलला, नवा प्लग टाकला. शेडमध्ये गाडी टुणटुणीत. सातव्याला बंद. आणि गंमत म्हणजे बंद पडली, की राम आसरे मेंबरांना खाली उतरवायचा, सीट उचलायचा, आत काहीतरी खुडबुड करायचा आणि दोन मिनिटांत गाडी चालू! मी आयटीआयवाला शेडमध्ये दोन दोन तास डोकं फोडतोय, आणि हा दोन मिनिटांत! मला राग यायचा. अगदी मनापासून राग यायचा.

साहेबांनी टाकी मोजायला लाकडी पट्टी केली. सकाळी शेडमध्ये मोजायची आणि गाडी बंद पडली की सातव्या होलला जाऊन मोजायची. रोज दोन बोटं जास्तीच कमी! उतारावर तिरक्या उभ्या असलेल्या गाडीतलं पेट्रोल एका बाजूला सरकतं, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या फार नंतर लक्षात आलं.

"मुझे शक नहीं," साहेब म्हणाले, "यक़ीन है. रोज़ गाड़ी वहीं रोकता है और तेल निकालता है!"

*

मग मी पाळत ठेवली. साहेबांची दुर्बीण गळ्यात, आणि मी करवंदाच्या जाळीमागे उकिडवा बसलेला. मुंग्या चावतायत, पण हलायचं नाही.

गाडी आली. गचके. बंद. मेंबर उतरून झाडाखाली गेले. राम आसरेने सीट उचलली. मी दुर्बीण डोळ्याला लावली. त्याने टाकीचं झाकण फिरवलं, उघडलं, कान जवळ नेला, जरा थांबला आणि झाकण परत लावलं. ना नळी, ना बाटली, काही नाही. पेडल दाबलं, गाडी चालू.

मी जाळीतून बाहेर आलो. अंगावर पानं, गळ्यात दुर्बीण. तो दचकला नाही की हसला नाही.

"झाकण का उघडतोस रे?" मी हिंदीतून दरडावलं.

"हवा खिलाता हूँ, साहब," तो म्हणाला. "इसका दम घुटता है."

मला वाटलं, हा माझी टिंगल करतोय. ऑफिसात जाऊन मी साहेबांना सगळं सांगितलं, दम घुसमटण्याचंसुद्धा. साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट टाईप होऊन माझ्यासमोर आला. राम आसरे गाडी मुद्दाम बंद पाडतो, टाकी उघडतो, पेट्रोल कमी होतं, सबब नोकरीवरून काढावं, क्वार्टर खाली करून घ्यावं. खाली सुपरवायझरच्या सहीची जागा मोकळी.

मी म्हटलं, उद्या करतो. घरी येऊन हिला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. न थांबता म्हणाली, "तुम्ही त्याला पेट्रोल काढताना बघितलंत का?"

"नाही."

"मग सही कशाची करताय?"

मी तिच्यावरच चिडलो आणि भाजीत मीठ जास्त झालंय म्हणालो. मीठ बरोबर होतं.

*

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना म्हटलं, सही करतो, पण आधी एकदा त्याच्याशिवाय गाडी चालवून बघू. साहेबांना ही कल्पना फारच आवडली. पक्का पुरावा! त्यांनी स्वतः टाकी भरली, झाकणावरून कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्या दोन्ही टोकांना लाख लावून क्लबाचा शिक्का मारला. राम आसरेला व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं आणि शेजारी चौकीदार उभा केला. रिपोर्ट आणि पेन साहेबांच्या खिशात.

"सातवाँ पार किया," साहेब मला म्हणाले, "तो वहीं साइन."

मी शेजारी बसलो. पहिलं होल, दुसरं, तिसरं. गाडी झकास. पाचवं. साहेब शीळ घालायला लागले. सहावं. मी मागे वळून बघितलं. लांब व्हरांड्यात राम आसरे हात मांडीवर ठेवून ताठ बसला होता. त्याची बायको क्वार्टरच्या दारात येऊन उभी होती.

आंब्याचं झाड आलं. गचका. दुसरा गचका. बंद!

साहेबांची शीळ तोंडातच राहिली. ते आधी झाडाकडे बघून आले, मग गाडीखाली वाकून बघितलं. कुणी नाही.

मी कामाला लागलो. पेडल दाबलं, इंजिन फिरत होतं, म्हणजे बॅटरी ठीक. प्लग काढून बघितला, ठिणगी कडक. राहिलं पेट्रोल. कार्ब्युरेटरचा पाईप काढला. कोरडा ठाक! टाकी काठोकाठ भरलेली आणि पाईपात थेंब नाही.

"सील मत तोड़ना! सबूत है!" साहेब ओरडले.

"साहेब, तोडल्याशिवाय कळणार नाही."

ते माझ्याकडे संशयाने बघत म्हणाले, "तोड़ो. मैं गवाह हूँ."

मी कागद फाडला, झाकण फिरवलं. फुस्स्! टाकीने हवा आत ओढली, माणूस पाण्याबाहेर डोकं काढल्यावर ओढतो तशी. पाईप जोडला, पेडल दाबलं, गाडी चालू.

टाकीच्या झाकणाला टाचणीएवढं एक भोक असतं. त्यातून हवा आत गेली नाही, तर पेट्रोल बाहेर येत नाही. मी झाकण उजेडाकडे धरलं. भोक दिसेना. नंबर दिसला. सुबक, लाल. आणि त्याखाली माझी जाड, लफ्फेदार रेघ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

तोवर साहेबांनी हात हलवून राम आसरेला बोलावलं होतं. तो धापा टाकत आला, मागे चौकीदार.

"हवा बंद है," साहेब गरजले. त्यांनाही फुस्स् ऐकू आलं होतं. "ढक्कन का छेद किसी ने बंद किया है! किसने?"

त्यांनी आधी राम आसरेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला बोलायचं होतं. देवाशपथ सांगतो, बोलायचं होतं! पण मी नुसता झाकण बोटांत फिरवत राहिलो.

राम आसरेने माझ्या हातातून झाकण अलगद काढून घेतलं. आमच्याकडे पाठ केली, स्वेटरची सेफ्टीपिन काढली, दोन वेळा टोचलं, नखाने खरवडलं, फुंकर मारली. वळला तेव्हा भोक मोकळं होतं. "बर्र ने मिट्टी भर दी थी, साहब," तो म्हणाला. "यहाँ बर्र बहुत हैं."

बर्र म्हणजे गांधीलमाशी. साहेबांनी वर झाडाकडे बघितलं. तिथे खरंच दोन-चार घोंगावत होत्या.

"मुझे शुरू से शक था!" साहेब म्हणाले, आणि रिपोर्ट खिशातून काढून त्याचे चार तुकडे केले. पुढचा आठवडाभर अख्ख्या क्लबात बांबू घेऊन गांधीलमाश्यांची पोळी पाडणं चाललं. साहेबांना दोनदा चावल्या.

मी मात्र मेल्याहून मेल्यासारखा झालो. राम आसरेच्या अंगठ्याच्या नखात लाल रंग मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता. चार दिवस मी त्याच्यासमोर गेलो नाही. शेडमध्ये तो आला की मी गोदामात.

पाचव्या दिवशी त्याने मला गोदामातच गाठलं. हातात त्याचा घरचा पितळी लोटा, चिंचेने घासून लखलखीत केलेला. दुसऱ्या हातात माझा लाल पेंटचा डबा आणि ब्रश. दोन्ही माझ्यासमोर ठेवले.

"साहब, इस पर भी नंबर डाल दीजिए. आजकल चोरी बहुत है."

मी ब्रश उचलला. रंगात बुडवला. तो खाली वाकून बघत राहिला, आणि नेहमीच्या त्या लोण्यासारख्या आवाजात म्हणाला,

"बस, नीचे वाली लकीर मत खींचिएगा."